वारंगा फाट्यावरचा थांबा

हिंगोली,
सप्टेंबर १९७७

प्रिय विश्वंभर,

तुझं पत्र पोचलं. डेपोच्या पत्त्यावर टाकलंस, त्यामुळे ते आधी आमच्या उत्तमराव ड्रायव्हरने वाचलं आणि मग माझ्या हातात दिलं. "तुजा दोस्त लई गोड लिहितो रे," म्हणाला. गोड लिहितोसच तू, आणि तीच तर तुझी खोड आहे. पानभर माझी, माझ्या आईबापाची, शेजारपाजारची खुशाली विचारून झाल्यावर अगदी तळाशी, शाई संपत आल्यासारख्या अक्षरात खरी बातमी दिलीस: यंदा दसऱ्याच्या प्रदर्शनात, आपल्या हिंगोलीच्या मैदानावर, आपल्या 'फाटा' बँडचा कार्यक्रम ठरलाय. आणि ढोलांवर बसणार आहे तुमचं ते औरंगाबादच्या छावणीतलं नवीन पोरगं. त्याचं नाव तू पत्रात जागोजागी लिहिलं आहेस. मी एकदाही लिहिणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याच्याखाली तू मला एक गोष्ट विचारली आहेस. तिचं उत्तर मी देणार आहे, पण शेवटी. पत्र वाचायला घेतलं आहेस तर आधी माझं ऐकावं लागेल.

पोटात दुखतं म्हणतात ना, ते माझ्या खरंच दुखतंय. लपवून काय करू? तीन वर्षं ज्या जागेवर बसून मी हात सोलून घेतले, त्या जागेवर माझ्याच गावात, माझ्याच लोकांसमोर दुसरा बसणार. परगावी बसत होता तोवर मी डोळे मिटून घेतले होते. पण इथे ते चालत नाही, कारण बातमी तुझ्या पत्राच्या आधी गावात पोचली आहे. लाउडस्पीकरवाल्या पुनमचंदच्या दुकानावर पाटी लागलीये. रोज गाडीत निदान एकजण तरी विचारतो, "मंग, वाजवून राहिला ना दसऱ्याला?" मी तिकीट फाडून त्याच्या हातात देतो आणि पुढे सरकतो. सेनगावच्या एका म्हातारीने तर, तू वाजवत नसशील तर म्या कार्यक्रमाला येत न्हाई, असं मला तोंडावर सांगून टाकलं. तिला मी बसायला खिडकीची जागा दिली.

तुला आठवतं का, सगळं कसं सुरू झालं ते? तू औरंगाबादचं कॉलेज अर्धं टाकून आलास आणि हैदराबादच्या मामाकडून ती विजेची गिटार घेऊन आलास. तुझ्या नानांना, म्हणजे तहसीलमधल्या इतक्या मानाच्या कारकुनाला, वाटलं की पोरगं बिघडलं. तू मला शोधत आमच्या वस्तीत आलास, कारण जयंतीला माझ्या बापाच्या गायन पार्टीत मी ढोलकी वाजवताना तू ऐकलं होतंस. माझ्या बापाने, मुंजाजीने, तुला चटईवर बसवून विचारलं की या गिटारीवर भीमगीत वाजतं का. तू म्हणालास, वाजेल पण थोडं वाकडं वाजेल. तुझं ते उत्तर बापाला इतकं आवडलं की त्याने जुनी ढोलकी काढून मला दिली. दुष्काळी कामाच्या रस्त्यावर पडलेलं डांबराचं रिकामं पिंप आपण दोघांनी लोळवत आणलं. पुढे तांड्यावरचा भावसिंग त्याची काशाची थाळी आणि तो गळा घेऊन आला, आणि तुमच्या घरामागच्या रिकाम्या गोठ्यात आपण तिघं कान फुटेस्तोवर वाजवायला लागलो.

त्या गोठ्याच्या खिडकीत माझा कप वेगळा ठेवलेला असायचा. तुझ्या आईचा, गंगूताईंचा, तो रिवाज होता. मी काही बोलत नव्हतो, बोलायची सवयच नव्हती. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तू तो कप उचललास, त्यातला चहा पिऊन टाकलास आणि तुझा कप माझ्यासमोर सरकवलास. लगेच गिटारीची तार ताणत बसलास आणि ती तुटली म्हणून शिव्या घालत राहिलास. पुढे गंगूताईंनी बाजारातून एकसारखे कप आणले आणि आवाज सहन होईना म्हणून आपल्या तिघांनाही एकसारख्याच शिव्या द्यायला लागल्या. हे मी आज लिहितोय, कारण औरंगाबादला तुम्ही सगळे कुठे चहा पिता, कोणाच्या घरी बसता, त्या पोराची आई तुम्हाला काय खाऊ घालते, हे तू पत्रात अगदी रंगवून लिहिलं आहेस आणि ते वाचून माझं डोकं फिरलं.

आपला पहिला कार्यक्रम वारंगा फाट्यावर झाला, पुनमचंदच्या भाच्याच्या टायरच्या दुकानाच्या उद्घाटनाला. त्याला काहीतरी दणक्यात पाहिजे होतं, काय ते त्यालाही माहीत नव्हतं. आपण ट्रॉलीवर चढलो. तू पुढे, लोकांकडे तोंड करून. तुझ्या बाजूला भावसिंग, आणि मागे टायरांच्या ढिगाला टेकून मी, माझं पिंप आणि दोन ढोलक्या. लोकांनी आपल्याला 'विजेचा बँड' असं नाव ठेवलं होतं आणि विजेचा झटका बसेल म्हणून पुढच्या ओळीत कोणी उभं राहीना. मग भावसिंगने 'काहून' सुरू केलं. लाइट गेली, काहून? गाडी गेली, काहून? बाबू जेवाया गेला, अजून येईना, काहून? दुसऱ्या वेळेला ट्रकवाले त्याच्याबरोबर ओरडायला लागले, एका सरदारजीने हॉर्न लावून धरला आणि तू त्या हॉर्नच्या सुरात गिटार नेलीस. तसं वाजवणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला होता आणि मी पिंपावर हाणत होतो.

तेवढ्यात नांदेडच्या अंगाने मयत आली. चार माणसांच्या खांद्यावर तिरडी, मागे दहा-बारा जण, पायी. रस्ता ट्रॉलीच्या अगदी कडेने जात होता. मी हात वर घेतले आणि थांबलो. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मयतीवरून वाजवत जात नाहीत, हे आमच्या घरात लेकरं चालायला शिकायच्या आधी शिकतात. तुझी गिटार थोडी पुढे घसरली, मग तीही थांबली. भावसिंगने थाळी पोटाशी धरली. लोकांनीही टोप्या काढल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, "थांबा, थांबा." तिरडी पुढे गेली, आणि मी एक घाव घातला, आणि आपण तिघं जिथे थांबलो होतो तिथूनच, त्याच 'काहून'च्या 'हू'वरून, परत सुरू झालो. विश्वंभर, त्यानंतर जो गलका उठला तो आठवतो का? दुकानदार म्हणाला, "हे मधी थांबायचं लई भारी बसवलं तुमी." आपण बसवलंच नव्हतं. पण त्या दिवसापासून ते गाण्यात बसलं. आपण त्याला 'थांबा' म्हणू लागलो आणि बँडचं नाव 'फाटा' पडलं.

पुढे परभणीला, नांदेडला, तुझ्या जुन्या कॉलेजात, जिथे जिथे आपण वाजवलं तिथे थांबा आला की लोक श्वास धरून बसायचे. कुठल्याशा पेपरात कोणी लिहिलं होतं की हा मौनाचा धाडसी प्रयोग आहे. तू ते कात्रण मला वाचून दाखवलंस तेव्हा आपण हसून हसून गोठ्यात लोळलो. मयत मात्र पुन्हा कधी आली नाही, त्यामुळे आता थांबायचं कुठवर, हा प्रश्न होता. तो माझ्यावर सोडला गेला. मी घाव घातला की संपला थांबा. भावसिंग सगळ्यांना सांगायचा, सोनाजी मनात मोजतो, लई पक्कं मोजतो. मी नुसता हसायचो. तेवढी ऐट मला करू द्यायला काय हरकत होती?

मग मला एसटीत कंडक्टरच्या नोकरीचा कॉल आला. आमच्या घरात महिन्याचा पगार कोणी बघितला नव्हता. माझा बाप माझ्याआधी डेपोत जाऊन पेढे वाटून आला. आई, जनकाबाई, खाकी कापड हातात घेऊन उन्हात बसून राहिली, नुसती त्याच्यावरून हात फिरवत. ते सोडून गिटारीच्या मागे जायला मी दगड नव्हतो आणि आजही नाही. नोकरी मी धरली, ती बरोबर धरली. पण मी गोठ्यात येऊन तुला सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास? म्हणालास, "घेऊन टाक, असा चान्स परत यायचा नाही." एका दमात. गिटार पुसता पुसता. तू एकदा नको म्हणायला पाहिजे होतंस, विश्वंभर. मी गेलोच असतो तरीही. पण एकदा म्हणाला असतास तर मी आज डबल बेल मारताना दर वेळी ते वाक्य आठवत बसलो नसतो. आणि मला वाटलं होतं, माझ्यावाचून निदान काही दिवस तरी बँड अडून राहील. पुढच्या पगाराच्या आतच भावसिंगकडून कळलं की तुला छावणीत एक पोरगं सापडलंय, त्याच्याकडे खरा ड्रमसेट आहे, पायाने वाजणारा नगारा आहे, चकचकीत थाळ्या आहेत.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुला माहीत नाही. मी तुमचा औरंगाबादचा कार्यक्रम ऐकला. पहाटेची ड्यूटी उरकून तसाच गेलो, त्यामुळे अंगावर खाकीच होती. हॉलच्या दारातल्या पोऱ्याने मला तिकीट विचारलं. एवढ्या लोकांना तिकिटं देतो मी, पण मलाच कोणी अडवून तिकीट विचारायची ती पहिलीच वेळ. मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, मी अशा आशेने गेलो होतो की तो वाईट वाजवत असेल. नाही वाजवत. चांगला वाजवतो. त्याचे हात माझ्यापेक्षा सुटे आहेत, उजवा एक बोलतो आणि डावा दुसरंच काही, आणि केस डोळ्यांवर येतात ते झटकून टाकायची त्याची तऱ्हा बघून पुढच्या बाकांवरच्या पोरी ओरडत होत्या. माझ्या वेळी टायरवाले ओरडायचे. मला तिथे उभं राहून त्याच्या हातातली एखादी काठी तुटावी असं वाटत होतं, आणि एक तुटलीसुद्धा, तर त्याने न थांबता दुसरी काढली. त्या वेळी मी त्याचा फार राग केला.

मग 'काहून' आलं, आणि थांबा आला. सगळं एकदम गप्प झालं. तू पुढे उभा होतास, डोळे मिटून, मान थोडी वर करून, देवळातल्यासारखा. तो मागे बसून ओठांनी मोजत होता; मला लांबूनही त्याचे ओठ हललेले दिसले. आणि त्याने घाव घातला. लवकर घातला. कोणालाही कळलं नाही, टाळ्या पडल्या, पण तुझा खांदा दचकला तो मला दिसला. विश्वंभर, मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. मी तसाच बाहेर पडलो आणि रात्रभर स्टँडवर बसून सकाळच्या पहिल्या गाडीने परत आलो. तुम्हाला भेटलो नाही. काय बोललो असतो?

भावसिंगने मात्र मला पाहिलं होतं. मागच्या आठवड्यात तो साखऱ्याहून माझ्याच गाडीत चढला आणि तिकीट काढायच्या आधी म्हणाला, "तू आल्ता ना तिथं? म्या पाहिलं तुले. काहून भेटला न्हाईस?" गाडीभर लोकांसमोर. मी म्हटलं, पुढे सरक, दारात उभा राहू नको. तो पुढे सरकला आणि तिथून ओरडून सांगायला लागला की दसऱ्याचं ठरलंय, की इसंबरला, म्हणजे तुला, थांब्याची काळजी लागलीये, की त्या पोराला रोज तालमीत थांबवून थांबवून तू त्याचा जीव घेऊन राहिलास. सगळी गाडी ऐकत होती. उत्तमरावने आरशातून बघत विचारलं, "काय रे, थांबा आहे का इथं?" आणि गाडी खरंच थांबवली, माळावर, जिथे बाभळीशिवाय काही नव्हतं. सगळे हसले. मीही हसलो, पण सेनगावपर्यंत माझी बोटं तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्यावर सारखी चालत होती आणि ती मला थांबवता आली नाहीत.

घरी आईने ओळखलं. "इसंबर येऊन राहिला म्हणं, मंग तू काहून असं तोंड करून बसला?" म्हणाली. तिला वाटतं, तू आलास की आधी आमच्याकडे जेवायला येशील आणि मग मला घेऊन मैदानावर जाशील. बापाने तर ढोलकीला नवी शाई भरून आणली आहे. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. मीच सांगेन, आज नाही तर उद्या. तुझं पत्र आल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं ते सांगू का? वाटलं, तुला चुकीचं उत्तर लिहून पाठवावं. आकडा काहीही टाकावा, आणि दसऱ्याला सगळ्या हिंगोलीसमोर त्या पोराचा घाव असा काही चुकावा की लोकांनी मागे वळून मला शोधावं. तसं एक पत्र लिहून पाकिटातही घातलं होतं. मग ते चुलीत घातलं, कारण गाण्यात भावसिंग आहे आणि तू आहेस, आणि तुमचं हसं झालेलं मला बघवलं नसतं.

तर आता तुझा प्रश्न. तू विचारलंस की थांबा नेमका कितीचा असतो, मी किती मोजायचो, कारण इथल्या लोकांनी तो मूळचा ऐकलाय आणि इथे तो चुकून चालणार नाही. मी मोजतच नव्हतो, विश्वंभर. एकदाही मोजलं नाही. सगळं गप्प झालं की तू आधी लोकांकडे बघायचास. मग तुझा धीर सुटायला लागायचा. तुला वाटायचं, आता कार्यक्रम बुडाला, सोनाजी विसरला. मग तू मागे वळून माझ्याकडे बघायचास. तुझी नजर माझ्यावर आली की मी घाव घालायचो. कधी तू लवकर वळायचास, कधी उशिरा, कधी फारच उशिरा. तेवढाच असायचा थांबा. तुला हे माहीत नसेल, कारण तू मला बघत होतास, स्वतःला नाही. तेव्हा त्याला आकडा देऊ नकोस, त्याच्या हाताला ते कळणार नाही. डोळे मिटून उभा राहू नकोस. गप्प झालं की वळ आणि त्याच्याकडे बघ, बस. तो हुशार आहे, त्याला जमेल. आईकडे जेवायला जरूर जा, ती वाट बघेल. मी मात्र घरी नसेन. तो माझ्या जागेवर बसलेला मी एक वेळ बघेन, त्याच्या टाळ्या ऐकेन, पोटात कितीही दुखलं तरी कधीतरी त्याला भेटून वा वा सुद्धा म्हणेन. पण तू मागे वळशील आणि तुझ्या नजरेसमोर तो असेल, तेवढं एक मला मैदानात उभं राहून बघता यायचं नाही. म्हणून त्या दिवशीची नांदेडची मुक्कामी गाडी मी मागून घेतली आहे.

तुझाच,
सोनाजी